अर्धवट राहिलेले झाड

सद्गुणांची थोरवी गाणाऱ्यांनी सत्य, दया, क्षमा यांचे गोडवे पुष्कळ गायले. नीटनेटकेपणाच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. सत्यवादी माणूस प्रसंग पडला की सत्य बोलतो आणि घरी जाऊन स्वस्थ झोपतो. नीटनेटक्या माणसाला ती सोय नाही. त्याला झोपण्यापूर्वी चादरीच्या कडा दोन्हीकडे सारख्या लोंबताहेत की नाही हे पाहावे लागते, आणि दिवा मालवल्यावर दाराशी काढलेल्या चपला एकमेकींना समांतर आहेत ना, या शंकेने पुन्हा उठावे लागते. हे व्रत अखंड आहे. ते घेणाऱ्याच्या घरची माणसे त्याहून मोठी व्रतस्थ असतात, हे ओघाने आलेच. पण या गुणाचीही एक परिणती आहे, आणि ती सहसा कोणाला साधत नाही. हात चालवता येणे ही कला होय. चाललेला हात आवरता येणे ही त्यापुढची पायरी. पहिली गोष्ट टापटीपरावांना मिसरूड फुटण्यापूर्वीच अवगत झाली होती. दुसरी अवगत व्हायला मात्र एक झाड, एक मेहुणा आणि कंबरेतली एक उसण एवढ्यांचे साहाय्य घ्यावे लागले.

टापटीपराव हे त्यांचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते केशकर्तनकार होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे दोन खुर्च्यांचे दुकान होते. भिंतभर आरसा, आरशाखाली थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीने निजलेल्या कात्र्या, आणि दर गिऱ्हाइकामागे एकदा झाडली जाणारी फरशी. त्या दुकानात केसाने कधी जमिनीवर दुसऱ्या केसाची भेट घेतली नाही, असे गल्लीत म्हणत. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटून झोपी जाई. कारण टापटीपरावांच्या हाती डोके दिले की त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी आपल्यावर राहत नाही, ही सार्वत्रिक श्रद्धा होती.

काम संपले की एक विधी असे. टापटीपराव हातातला गोल आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरीत, किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवीत आणि म्हणत, "बघा, मागून कसं झालंय." गिऱ्हाइकाने मान डोलावल्याखेरीज ते त्याच्या गळ्यातले कापड सोडीत नसत. मान न डोलावण्याचे धैर्य कोणी दाखवल्याचे ऐकिवात नाही. त्या घटकेला मागून कसे झाले आहे हे कळून तरी कोण काय करणार?

ही दृष्टी दुकानाबरोबर बंद होत नसे. रस्त्याने जाताना टापटीपराव माणसाचा चेहरा पाहत नसत, मान पाहत. एखाद्याच्या कानामागे दोन बटा वाढलेल्या दिसल्या की त्यांचे हात शिवशिवत आणि बोलण्यातले लक्ष उडे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी गल्ली वहिनी म्हणे, अशा वेळी त्यांच्या सदऱ्याची बाही हळूच ओढीत. बाही ओढण्याचा हा संसार बरीच वर्षे सुखाने चालला होता.

त्यात झाड आले ते वहिनींच्या वडिलांच्या हातून. वहिनींचे माहेर डोंगराच्या कुशीत. एकदा ते वृद्ध गृहस्थ लेकीकडे राहायला आले ते ओल्या फडक्यात गुंडाळलेले एक रोप घेऊन. कुठल्या बागेतले नव्हे; घरामागच्या उतारावर आपोआप उगवलेले, तिथल्याच मातीचे. वाढून वाढून दोन पुरुष उंचीचे होणारे, सडपातळ. थंडी सरता सरता, पान फुटण्याच्या आधी, त्याच्या उघड्या फांद्यांवर गुलाबी फुले येत आणि सारा उतार लाजल्यासारखा दिसे, असे वहिनी सांगत. तिकडे त्याला नाव नव्हते. जे दाराबाहेर पाऊल टाकताच दिसते त्याला हाक कशाला मारायची? इकडे गल्लीने त्याला "माहेरचं झाड" म्हणायला सुरुवात केली.

सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची जागा निवडली. तिथे दुपारनंतर सावली येई आणि पाणी साचत नसे. खड्डा त्यांनी खोल न करता रुंद केला, रोप जितके मुळाच्या मातीत होते तितकेच पुरले, बुंध्याशी वाळका पाला पसरला आणि हात झटकून जावयांना म्हणाले, "पहिली दोन वर्षं पाणी घाला. मग विसरून जा."

आता टापटीपरावांना दुसरे काहीही करायला सांगितले असते तरी त्यांनी ते केले असते. विसरून जाणे हा एवढा एकच उपचार त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता. सासऱ्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर वळण घेतले न घेतले तोच त्यांनी बुंध्याचा पाला झाडून काढला. अंगणात कचरा नको.

झाड मोठे गुणी. रुजले, वाढले, खिडकीच्या वर गेले. पाने अशी आली की वहिनींनी एकेक पान पुसून घ्यावे. पण फुले येईनात. एक वसंत गेला, दुसरा गेला, मग वसंतांचा हिशेब कोणी ठेवीनासे झाले. टापटीपराव कशातच काही कमी करायला तयार नव्हते. खत झाले, पाणी झाले, बुंध्याभोवतीचे आळे परकराच्या घेरासारखे गोल झाले. आणि दर वर्षी थंडी ओसरू लागली, की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढून ते झाडाचे केस कापीत.

यामागे त्यांचे तर्कशास्त्र होते. समारंभाला जायचे तर माणूस आधी कटिंग करून घेतो. वसंत हा तर समारंभांचा समारंभ. त्याच्या दारात झाडाने झिंज्या पसरून उभे राहावे हे बरे दिसते का? म्हणून गेल्या हंगामात फुटलेली प्रत्येक लांब डहाळी ते कानाच्या पाळीशी बट कापावी तशी नेमकी कापीत. इतकेच नव्हे, तर जाड फांद्यांवर तेव्हा बारीक, काळसर, दाण्यांसारखे काहीतरी धरलेले असे. टापटीपरावांच्या व्यवसायात अशा गोष्टीला एकच नाव होते. झाडाला कोंडा होतो, असे त्यांनी निदान केले, आणि मानेवरचे केस झटकायचा ब्रश घेऊन ते फांद्या स्वच्छ घासून काढीत. खाली उतरून गोल आरसा धरण्याचेच तेवढे ते बाकी ठेवीत.

वहिनी एखादे वेळी खिडकीतून म्हणत, राहू द्या की थोडं वेडंवाकडं. त्यावर टापटीपरावांचे उत्तर ठरलेले असे: वेडंवाकडं तुझ्या माहेरी चालतं. इथूनच माहेरच्या झाडावरून माहेरची चेष्टा करण्याची प्रथा पडली. झाड फुलले नाही की टापटीपराव दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवीत, सासुरवाडचं आहे हो, दिसायला देखणं, द्यायच्या वेळी हात आखडता. वहिनीही काही कमी नव्हत्या. झाडाला माणसं कळतात, म्हणत. कुणासमोर फुलायचं ते त्याचं त्याला ठाऊक. या उत्तर-प्रत्युत्तरांवर गल्लीची चांगली करमणूक होई, आणि खरे सांगायचे तर त्या दोघांचीही.

मग वहिनींचे वडील वारले. डोंगराकडचे घर ओस पडले. धाकटा भाऊ इथेच शहरात नोकरीला होता, त्याने ते विकले. त्या वर्षीच्या थंडीत टापटीपरावांनी सवयीने सासुरवाडच्या आखडत्या हाताचा विनोद केला, आणि उत्तर आले नाही. वहिनी भांडे घाशीत राहिल्या. टापटीपरावांना वाटले, ऐकू गेले नसेल. त्यांनी तो पुन्हा केला. विनोद दुसऱ्यांदा करणाऱ्याची जी गत होते तीच त्यांची झाली.

वहिनी नळ बंद करून म्हणाल्या, "यंदा नाही फुललं तर तोडून टाका ते."

"अगं, काय बोलतेस?"

"खरंच सांगते. तिकडचं एवढंच उरलंय, आणि तेही मुकं. रोज खिडकीतून बघायचं नि रोज वाट बघायची. नको मला."

त्या रात्री टापटीपराव चपला पाहायला उठले नाहीत. बायकोने टोमणा मारला तर माणूस परतवू शकतो. तिने टोमणा मारायचेच सोडले तर तो कुठे उभा राहणार? झाड यंदा फुललेच पाहिजे, असा त्यांनी मनाशी निश्चय केला, आणि निश्चयी माणसाने करावे तेच केले. थंडी ओसरू लागताच सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरल्या कात्रीला धार लावली, स्टूल घेतले आणि आजवर कधी केली नव्हती इतक्या आस्थेने झाडाची कटिंग आरंभली.

सुरुवात गल्लीच्या बाजूने. लोकांना दिसते ती बाजू आधी, हा दुकानाचा शिरस्ता. ती बाजू पुरी झाली, घासून लख्ख झाली, आणि घराकडच्या बाजूला हात घालणार तोच फाटक वाजले. वहिनींचा धाकटा भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा होता.

या मेहुण्याने अलीकडे केस कापायचे विजेचे यंत्र घेतले होते आणि आता दाजींचे उपकार नकोत, अशी दवंडी नातेवाइकांत पिटली होती. त्या सकाळी कार्यालयात निवृत्त होणाऱ्या साहेबांबरोबर फोटो काढायचा म्हणून त्याने यंत्र डोक्यावर फिरवले. डावी बाजू झाली आणि यंत्राची बॅटरी संपली. चार्ज करायला लावली तर त्याच घटकेला इमारतीतली वीज गेली. वहिनींनी टॉवेल उचलला. डोक्याचा एक अर्धा तुळतुळीत, दुसरा अर्धा जसाच्या तसा. मधली सीमारेषा कोणी पट्टी धरून आखावी अशी.

टापटीपरावांना हसू आवरेना. सासुरवाडचे माणूस, त्यातून यंत्रवाले, आणि त्यातून अर्धे! स्टुलावर उभ्यानेच ते इतके हसले, की स्टूल डुगडुगले, ते सावरायला गेले, आणि कंबरेत अशी सणसणीत उसण भरली की हसणारे तोंड तसेच उघडे राहिले. बहीणभावांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरात नेले आणि पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवे केले.

पण अर्धे डोके डोळ्यांसमोर असताना ज्याला स्वस्थ पडवते तो टापटीपराव नव्हे. त्यांनी मेहुण्याला खाटेशी जमिनीवर बसवले आणि कुशीवर पडल्या पडल्या, प्रत्येक कापणीला एक कण्हणे या हिशेबाने, उरलेले डोके पुरे केले. आरसा धरला, मेहुण्याने मान डोलावली. मग त्यांना आठवले, की आणखी एक डोके अर्धे राहिले आहे.

"दाजी, झाडाचं मी उरकू का?" मेहुणा कृतज्ञतेने म्हणाला. "यंत्र आहे."

दाजींनी त्याची तिथल्या तिथे, पडल्या पडल्या, बिनपाण्याने केली. एवढे होऊनही तो हसत हसत फोटोला गेला.

डॉक्टरांनी हलायचे नाही म्हणून बजावले. खाट अशी होती की खिडकी आणि स्वयंपाकघराचे दार दोन्ही डोक्यामागे. झाड दिसणे नाही. टापटीपरावांच्या नजरेपुढे मात्र ते अहोरात्र उभे असे, अर्ध्या हजामतीनिशी. गल्लीतले काय म्हणत असतील? ते रोज वहिनींना विचारीत, आणि वहिनी रोज सांगत, की गल्लीला दुसरी कामे आहेत. शेवटी त्यांनी गळच घातली: तूच घे कात्री, घराकडची बाजू मारून टाक, मी इथून सांगतो. वहिनी आज नको, उद्या करते, करीत राहिल्या. एका सकाळी एकदाच्या कात्री घेऊन अंगणात गेल्या. टापटीपराव कान टवकारून पडले. कात्रीच्या आवाजावरून केस कोरडा की ओला हे ओळखणारा तो कान. त्याला एकही "कच्" ऐकू आले नाही. एक डहाळी ओढून सोडल्याचा तेवढा आवाज झाला. मग वहिनी आत आल्या आणि कात्री फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"का गं, काय झालं?"

"धार नाही तिला."

त्यांच्या कात्रीला धार नाही! कंबरेपेक्षा हा घाव त्यांना जास्त लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे थोडे कमी जेवले. पुढचे काही दिवस वहिनी कामात असताना मधूनच गुणगुणत असल्याचेही त्यांच्या कानांनी टिपले, पण रुसलेल्या माणसाने कारण विचारायचे नसते.

आणि मग एका सकाळी चहा झाल्यावर वहिनी दुकानातला गोल आरसा हातात घेऊन खाटेपाशी आल्या. तो त्यांनी टापटीपरावांच्या तोंडासमोर धरला, किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवला, आणि डोक्यामागचे दार, दारापलीकडची स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीपलीकडचे अंगण त्यात आल्यावर हात स्थिर केला.

"बघा," त्या म्हणाल्या, "मागून कसं झालंय."

आरशात माहेरचे झाड दोन्ही बाजू एकदम दिसतील अशा कोनात उभे होते. गल्लीच्या बाजूचे अर्धे नेहमीसारखे, स्वच्छ, आटोपशीर आणि उघडे. घराकडचे अर्धे, जिथे कात्री पोहोचली नव्हती आणि ब्रश लागला नव्हता, ते पायथ्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी झाले होते. डहाळी दिसत नव्हती अशी फुले. मधली सीमारेषा कोणी पट्टी धरून आखावी अशी.

टापटीपरावांनी आधी एक अर्धे पाहिले, मग दुसरे. ते अडाणी नव्हते. डोळ्यांसमोर मांडलेले प्रमेय त्यांना उलगडले. फुले वसंतात उमलतात, पण ती धरतात आदल्या उन्हाळ्यात, त्याच लांब डहाळ्यांवर, दाण्यांएवढ्या कळ्या होऊन. सारी थंडी ती मिटून वाट पाहतात. तो कोंडा नव्हता. वर्षानुवर्षे झाडाने आपला वसंत तयार करून ठेवला होता, आणि वर्षानुवर्षे समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो कापून, झाडून, केरात टाकला होता. आणि वर सासुरवाडच्या आखडत्या हाताची गोष्ट सांगितली होती.

"तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "विसरून जा म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग मला आठवण नाही का करायचीस?"

"विसरून जायची आठवण कशी करतात हो?"

आरसा अजून तसाच होता. गिऱ्हाइकाने मान डोलावल्याखेरीज तो खाली घ्यायचा नसतो, हे वहिनींना इतक्या वर्षांत पाठ झाले होते. टापटीपरावांनी मान डोलावली. मग म्हणाले, "कात्री कुठे आहे?"

"का?"

"लपवून ठेव. आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

वहिनी हसल्या. झाड तोडण्याचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही, आणि टोमण्यांचा व्यवहार त्याच दिवशी दुपारी पूर्ववत सुरू झाला.

गल्लीला अर्थात दुसरी कामे नव्हतीच. सारे जण अर्धे फुललेले झाड पाहून गेले आणि जाताना खाटेशी टेकून, हे असे कोणी केले, म्हणून विचारून गेले. टापटीपराव प्रत्येकाला सांगत, मी केलं. आणि जे सासुरवाडीबद्दल दुकानात बोललो होतो ते परत घेतो. मेहुणाही आला. नव्या केसांच्या लवेवरून हात फिरवीत, दोन्ही बाजू सारख्या झाल्याच्या समाधानात तो म्हणाला, "दाजी, आमच्या घराण्याचं हे असंच आहे. कोणी हात नाही लावला की फुलतो." टापटीपरावांना उत्तर सुचले होते. त्यांनी ते दिले नाही. हात आवरण्याचा तो पहिला धडा, आणि तो जिभेवर गिरवला गेला हे विशेष.

पुढची वर्षे मात्र सोपी नव्हती. थंडी ओसरू लागली की ते अस्वस्थ होत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुकान उघडून बसत, आणि वाटेने जाणारा जो कोणी सापडेल त्याचे केस कापीत. घरी येताना फाटकापासून दारापर्यंत हात पाठीमागे बांधून चालत. फुले येऊन गेली, पाने फुटू लागली, की वहिनी कात्री काढून देत. मग वाळलेली एखादी काडी, एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक, एवढेच. तेही वहिनी खिडकीतून पाहत असताना. शरदात गळलेला पाला त्यांनी झाडायचे सोडले. फुलांचा सडा तर वाऱ्याने नेईपर्यंत तिथेच राही. त्या घरात तेवढीच एक जागा अस्ताव्यस्त होती, आणि टापटीपराव संध्याकाळी खुर्ची टाकून नेमके तिथेच बसत.

टापटीपराव जाऊन आता काही वर्षे झाली. दुकानाच्या जागी औषधांचे दुकान आहे. मेहुणा अजून यंत्राने केस कापतो आणि अजून मागची बाजू चुकवतो. गोल आरसा वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगला आहे. झाड अंगणात आहे. गल्लीच्या बाजूने ते थोडे ठेंगणे राहिले, पण थंडी सरता सरता दोन्ही बाजूंनी फुलते.